एमेट राउशने बसवलेली नळी

१

हार्लन स्विकच्या बंदुकीचा बार मी माझ्या दुकानात ऐकला आणि हातातली सुरी खाली ठेवली. जानेवारीत ठासणीच्या बंदुकांचा मोसम सुरू झाला की आमच्या डोंगरांत दिवसभर बार होत असतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण हा बार फाटका होता. लोकांनी मारून आणलेली हरणं सोलून, कापून, पुड्या बांधून देण्यात माझा जन्म गेला. नुसत्या आवाजावरून हरीण पडलं की निसटलं हे मला सांगता येतं. त्या सकाळी कळलं ते एवढंच, की जे पडलं ते हरीण नव्हतं.

थोड्या वेळाने व्हर्जिल हपची पिकअप दारावरून सुसाट गेली. शेजारच्या सीटवर हार्लन होता, डावा हात कोटात गुंडाळलेला. जीव वाचला. हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली.

बंदूक एमेट राउशने बनवलेली होती. एमेटच्या बंदुका दुकानात टांगलेल्या मिळत नाहीत. बिनधुराच्या दारूचा जोर सोसेल अशी जाड पोलादी नळी तो मागवतो, मापाने कापतो, मागच्या टोकाला बूड बसवतो आणि मग त्या एका नळीच्या पोकळीला जुळेल असा गोळ्यांचा साचा करून देतो. दोन नळ्या दिसायला जुळ्या असल्या तरी आतून केसाच्या कितव्यातरी भागाने वेगळ्या निघतात. म्हणून आमच्याकडे दुसऱ्याची गोळी कोणी वापरत नाही, जसा दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरत नाही. गोळी साच्यातून दाबून काढायची, नळीच्या तोंडाशी ठेवायची आणि गजाने खाली दारूपर्यंत ठासायची. तळहाताचा भार लागला पाहिजे. हातोडी लागली तर गोळी जाड, आपोआप उतरली तर बारीक. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

संध्याकाळपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नजर गेली, नळी कच्ची बसवली. आणि एमेटने काय करावं? कोणी विचारायच्या आधी दारावरची पाटी उतरवून ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. इथे संन्यासी स्वतःच दोर घेऊन आला होता.

रविवारी चर्चमध्ये हार्लनची बायको नेल्डा उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी एमेटला माफ केलं." बायका रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू? शेवटच्या बाकावर बसलेला एमेट मान खाली घालून निघून गेला आणि घरी पोचताच त्याने लिलाववाल्याला फोन केला. येत्या शनिवारी यंत्रं, हत्यारं, सगळं विकायला काढणार. चाळीस वर्षांचा संसार त्याने त्या यंत्रांशीच केला होता, बायको तर लवकरच गेली. तो त्यानंतर काय करणार, हे मला दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं.

२

माझी भाची कॉरीन योस्ट आमच्या जिल्ह्याची वन्यजीव अधिकारी आहे. शिकारीत माणूस जखमी झाला की चौकशी तिच्याकडे येते. ती दुकानात आली, माझ्या कपातली कॉफी न विचारता प्याली आणि म्हणाली, "मावशी, एमेटकाकांकडे चल. मी एकटी गेले की ते नुसती कबुलीच देत सुटतात, मला काही विचारताच येत नाही."

"म्हणजे मी काय, त्यांचं तोंड धरायला येऊ?"

"तुला ते घाबरतात."

"सगळेच घाबरतात. म्हणून तर उधारी राहत नाही."

एमेट दुकानात नुसता बसून होता. शेगडी विझलेली. टेबलावर ती फाटलेली बंदूक. "लिहून टाक, पोरी," तो म्हणाला. "पोलादात खोट होती, मला दिसली नाही. सही कुठे करू?"

कॉरीनने बंदूक खिडकीजवळ नेली. मलाही बघायला दिली. बूड शाबूत होतं, ओरखडासुद्धा नाही. नळी फाटली होती ती पार मधे, जिथे पुढचा हात धरतो तिथे. आणि फाटलेल्या जागी पोलाद गोल फुगलं होतं, सापाने बेडूक गिळल्यासारखं.

"दारू जास्त झाली असती किंवा भलतीच पडली असती, तर काय फुटलं असतं, काका?"

"बूड," एमेट म्हणाला.

"आणि गोळी दारूला चिकटून न बसता मधेच असती तर?"

"तर जिथे गोळी, तिथे फुगणार आणि फाटणार. पण हार्लन तसं करणार नाही. त्याच्या गजावर खूण आहे. गोळी तळाला टेकली की खूण नळीच्या तोंडाशी येते. खूण बघितल्याशिवाय तो पुढे जात नाही, मीच शिकवलंय त्याला."

भिंतीवर खिळ्यांना पोलादाचे बोटभर तुकडे टांगलेले होते. नळी मापाने कापताना उरलेला तुकडा एमेट फेकत नाही. धन्याचं नाव कोरून ठेवतो. त्याच नळीचा तुकडा, म्हणजे तीच पोकळी. कॉरीनने हार्लनचा तुकडा काढला आणि हार्लनच्या पिशवीत उरलेल्या गोळ्या एकेक करून त्यात दाबून पाहिल्या. प्रत्येक गोळीला तळहाताचा भार लागला. जशी जायला हवी तशीच गेली.

"गोळ्या बरोबर, दारू बरोबर," एमेट हळूच म्हणाला. "उरलं काय? माझी नळी. मी म्हटलंच होतं."

मला वाटलं, झालं, आपणच त्याच्या गळ्यातला फास आवळून आलो. पण गाडीत बसल्यावर कॉरीनने एक गोळी माझ्या हातावर ठेवली.

"मावशी, हार्लनकाकांच्या त्या पिशवीत काय काय असतं?"

"काय नसतं ते विचार. चाव्या, खिळे, तंबाखू. एकदा अर्धं सँडविच निघालं होतं."

"आणि त्यात महिनाभर फिरलेली गोळी अशी नवरीसारखी लखलखते?"

मी गोळी उलटसुलट करून पाहिली. तिच्या तांब्याच्या आवरणावर एक डाग नव्हता. "कोणीतरी बदलल्यात," मी म्हणाले.

३

गावात ज्याच्याकडे बोट दाखवायला सोपं जावं असा एकच माणूस होता, हार्लनचा जावई ट्रॉय सेअर. सासऱ्याचं जंगल बाहेरगावच्या शिकाऱ्यांना भाड्याने द्यावं म्हणून तो मागे लागला होता आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर दोघांची अशी जुंपली की टर्की तशीच राहिली. त्या सकाळी हार्लन, व्हर्जिल आणि ट्रॉय तिघे बरोबर होते. दारूचा डबाही ट्रॉयनेच आणला होता.

"हां, या, या," ट्रॉयने गोठ्याच्या दारातच स्वागत केलं. "वाटच बघत होतो. जावई म्हणजे घरचा खलनायक ना?"

"खलनायकाला एवढी ढेरी नसते," मी म्हणाले. "गप बस आणि ती विचारते ते सांग."

त्याने सांगितलं, आणि आढेवेढे न घेता सांगितलं. पिकअपपाशी हार्लनने बंदूक भरली. एका हातात कॉफीचा पेला होता, दुसऱ्या हाताने गज दाबत तो ट्रॉयच्या बुटांची टिंगल करत होता. गजाची खूण नळीच्या तोंडाशी आली, ती ट्रॉयने स्वतः पाहिली. मग हार्लन मचाणावर चढला. ट्रॉयने खाली बंदूक दोरीला बांधली, हार्लनने वर ओढून घेतली.

"भरलेली बंदूक?" कॉरीनने विचारलं.

"ठिणगी पाडणारी टोपी कुठे लावली होती? टोपी नाही तर बंदूक रिकामी, असं तुमचाच कायदा म्हणतो, मॅडम. सगळे असंच करतात. तोंड खाली करून बांधली, वर जाताना शिडीच्या पायरी-पायरीला ठक ठक आपटत गेली. वर गेल्यावर त्यांनी टोपी लावली. मग तो नर आला, आणि..." ट्रॉयने मान फिरवली. "मी त्यांच्याशी भांडतो, खरंय. पण ती बोटं बर्फात मी शोधत होतो, आर्डिथ. दुसरं कोणी नव्हतं."

त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या ढेरीवर केलेल्या विनोदाची मला लाज वाटली.

"गोळ्यांची पिशवी?" कॉरीनने विचारलं.

"दवाखान्याच्या दारात व्हर्जिलने दिली. मी ती तशीच तुझ्याकडे दिली."

४

नेल्डाकडे आम्ही गेलो तेव्हा ती शेगडीवर बीन्सचं सूप ढवळत होती. एक पातेलं घरासाठी, एक एमेटसाठी. अपघातापासून ती दर दोन-तीन दिवसांनी त्याच्या पायरीवर सूप ठेवून येत होती. पुढच्या खोलीत हार्लन खुर्चीत झोपला होता, बांधलेला हात उशीवर.

"तो काही खात नाही असं ऐकते," नेल्डा म्हणाली. "माणसाने चूक केली म्हणून त्याला उपाशी मरू द्यायचं का?"

कॉरीनने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, हार्लनकाकांचा उजवा खांदा आता कसा आहे? शरदात ऑपरेशन झालं होतं ना?"

"कसला कसा! वरच्या फळीवरचा कप निघत नाही त्याच्याने. भांग मी पाडते. पण कबूल करेल तर शपथ. सरावाला इथे मागच्या अंगणात बंदूक भरायचा, तर गजावर छाती टेकून सगळं अंग टाकायचा. चेहरा राखेसारखा व्हायचा. मी इथूनच बघायची, या खिडकीतून." तिने चमचा खाली ठेवला. "नवऱ्याला असं बघवतं का, तूच सांग आर्डिथ."

माझा नवरा तर बसल्या जागी गेला, मला बघायलाही मिळालं नाही.

बाहेर आल्यावर कॉरीन गाडीचं दार उघडून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"छाती टेकल्याशिवाय ज्याला गोळी ठासता येत नव्हती," ती म्हणाली, "त्याने त्या सकाळी कॉफी पीत पीत एका हाताने ठासली. खांदा बरा झालेला नाही. मग दुसरं काय बदललं, मावशी?"

मला कळलं होतं. "गोळी," मी म्हणाले, "चल, व्हर्जिलकडे."

५

व्हर्जिल हपने आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला. हार्लनचा तो शाळेपासूनचा मित्र. एमेटची एक बंदूक त्याच्याकडेही आहे, आणि गोळ्या बारीक करायचा साचाही.

"हार्लनने बंदूक कशी भरली, काका?"

"नेहमीसारखी. जोर लावून. कण्हत."

"ट्रॉय म्हणतो, एका हाताने. दुसऱ्या हातात कॉफी होती."

"ट्रॉय काय, काहीही बोलतो."

"व्हर्जिल," मी म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं लपवायचा धंदा तुला कधी जमला नाही. शाळेत जमला नाही, आता काय जमणार?"

कॉरीनने हळू आवाजात, एकेक पायरी उतरावी तसं मांडलं. "गोळी सैल होती. गजाने ती तळाला गेली, म्हणून खूण बरोबर दिसली. मग बंदूक उलटी टांगून वर ओढली, पायरी-पायरीला आपटली. घट्ट गोळी जागची हलली नसती. ही घसरत नळीच्या मध्यावर आली. वर जाऊन पुन्हा गज घालून कोण बघतो? काकांनी टोपी लावली आणि चाप ओढला. एमेटकाकांच्या नळीत खोट नव्हती. पिशवीत उरलेल्या गोळ्याही तशाच सैल होत्या, म्हणून त्या बदलाव्या लागल्या. पिशवी दवाखान्यापर्यंत तुमच्याकडे होती. तुम्ही हार्लनकाकांचं वाईट चिंतलंत असं मला क्षणभरही वाटत नाही. मग कोणासाठी?"

व्हर्जिल खाली बसला.

"नेल्डा आली होती," तो म्हणाला. "पावाच्या पिशवीत त्याच्या गोळ्या घेऊन. म्हणाली, व्हर्ज, थोड्या बारीक करून दे, त्याला सोप्या जातील, त्याला सांगू नकोस, त्याचा अभिमान दुखावेल. एमेटकडे गेली नाही, कारण एमेट मापाच्या बाबतीत आईचंही ऐकत नाही. मी माझा साचा आवळला आणि दिल्या करून. म्हटलं, केसभराने काय होतंय. आणि त्या सकाळी... तो किती खूश होता तुला सांगू! मला म्हणाला, बघ व्हर्ज, खांदा सुटला! लहान पोरासारखा हसत होता."

मीच त्याला पाणी आणून दिलं.

"दवाखान्याच्या वाटेवर मला उमगलं. तो आत गेला, आणि मी गाडीत बसून गोळ्या बदलल्या. नेल्डाने दिलेल्यांतल्या खऱ्या मापाच्या काही माझ्या गाडीतच राहिल्या होत्या. स्वतःला वाचवायला नाही, देवाशपथ. तुरुंगात घाला मला. पण तिला कळता कामा नये. तिला रोज सकाळी त्या हाताशेजारी जागं व्हायचंय. एमेटला... एमेटला घरी कोणी नाही."

"म्हणून त्याच्या गळ्यात घातलंस?" माझा आवाज चढला. "कोणी नाही म्हणून? व्हर्जिल, ज्याला कोणी नाही त्याला नाव तरी असतं रे! तेवढंच होतं त्याच्याकडे!"

तो ढसाढसा रडायला लागला. मला त्याची दयाही आली आणि कानशिलात द्यावीशीही वाटली. दोन्ही एकदम.

कॉरीन उठली. "मला अहवाल लिहावा लागेल. पण कागदावरून तिला कळणं बरं नाही."

"मी सांगते," मी म्हणाले.

६

नेल्डाने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. ओट्याची कड धरून उभी राहिली आणि एकच विचारलं, "एमेट एवढे दिवस समजत होता की आपलीच चूक?"

"हो."

"आणि मी त्याला चर्चमध्ये उभी राहून माफ केलं."

पुढच्या खोलीतून हार्लनचा आवाज आला. तो केव्हा जागा झाला होता कोण जाणे. "तू एकटीच नाहीस, नेल्डा. इकडे ये." ती गेली नाही, तेव्हा तोच उठून आला. "गज लोण्यातून जावा तसा गेला. गोळी सैल आहे हे माझ्या हाताला समजलं होतं. ज्याला एमेटने शिकवलं त्याला ते समजणारच. पण मी मनाला सांगितलं, खांदा बरा झाला. मला ते इतकं हवं होतं."

"मी बारीक केल्या."

"आणि मी ठासली."

"मी केल्या म्हणून ठासलीस!"

जन्मभर चुका एकमेकांवर ढकलणारं ते जोडपं आता एकच चूक आपल्याकडे ओढायला भांडत होतं. मी हळूच दार लावून बाहेर पडले.

शनिवारी एमेटच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती. लिलाववाला घसा खाकरून तयार, पिकअपची रांग, अर्धं गाव जमलेलं. दुसऱ्याचं घर मोडताना बघायला गर्दी कधी कमी पडत नाही. कॉरीन आधी पोचली होती. ती सरळ एमेटपाशी गेली आणि म्हणाली, "काका, नळी बरोबर होती. अहवाल काल पाठवला."

एमेटने विचारलं, "नळी?"

"बरोबर होती."

तो टेबलाला टेकला. मग स्विकांची गाडी आली, मागोमाग व्हर्जिलची. हार्लन, व्हर्जिल आणि नेल्डा गर्दीतून चालत आले. पुरुष बोलायला तोंड उघडतात तोच नेल्डा पुढे झाली आणि चर्चमध्ये बोलली होती तेवढ्याच मोठ्याने, म्हणजे मागच्या माणसालाही ऐकू जावं असं बोलली.

"ऐका सगळ्यांनी. एमेटची काही चूक नव्हती. हार्लनच्या गोळ्या मी चोरून बारीक करवल्या. एमेटला विचारलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता, आणि त्याचं बरोबर ठरलं असतं." ती त्याच्याकडे वळली. "मी तुला माफ केलं होतं, एमेट. कोणत्या तोंडाने केलं ते देव जाणे. ते मी परत घेते. आता मी माफी मागते आहे."

ट्रॉयने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. लिलाववाला उगाच आपले बूट बघत राहिला.

एमेट रागावला होता. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण त्याला रागावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि मला बरं वाटलं. मेलेला माणूस रागावत नाही.

"आज जमणार नाही, नेल्डा," तो म्हणाला. "खोटं बोलून काय उपयोग? उद्याही जमेल की नाही माहीत नाही."

तिने मान हलवली आणि जायला वळली.

"थांब," एमेट म्हणाला. "जा असं कुठे म्हटलं मी?" मग तो लिलाववाल्याकडे वळला आणि त्याने अंगणभर पसरलेल्या हत्यारांवरून हात फिरवला. "हे सगळं आत न्यायचंय. व्हर्जिल, टेबलाचं ते टोक धर. हार्लन, तू दार धरून उभा राहा. आणि नेल्डा, तू शेगडी पेटव, आत फार गारठा आहे."

ती आत गेली. आम्ही सगळे सामान उचलायला लागलो.